ओवी, बैठक, रकाना : खोऱ्यातल्या कामाच्या नोंदी

१७ नोव्हेंबर २०२४

भातकापणी उरकत आली आहे. झोडणी झाली की बायकांना संध्याकाळची थोडी उसंत मिळेल, तेव्हा बैठका सुरू करायच्या असं ठरलं. भोर तालुक्यात वेळवंड खोऱ्यातल्या काही वाड्यांवर जात्यावरच्या ओव्या पाठ असलेल्या बायका अजून आहेत, जवळजवळ सगळ्या साठीच्या पुढच्या. वाड्यांची नावं या वहीत लिहिणार नाही. ती वेगळ्या फायलीत राहतील, आणि तीही ज्यांनी परवानगी दिली त्यांचीच.

ध्वनिमुद्रण करायचं, लिहून काढायचं, तक्त्यात भरायचं, असं काम आहे. तक्ता म्हणजे साधी स्प्रेडशीट. एका ओळीत एक ओवी, पुढे गाणारी, वय, माहेर, सासर, जात, शेती, तारीख, विषय. हे सगळे रकाने मानवशास्त्राच्या शिस्तीतून आलेले. ज्या रकान्यासाठी हा खटाटोप आहे तो मात्र कवितेचा. दोघं एका ओळीत कसे नांदतात ते पाहायचं.

२४ नोव्हेंबर

या वाटेवर आधी झालेलं मोठं काम पुन्हा वाचून काढलं. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी १९८० च्या दशकात पुण्याजवळच्या मुळशीच्या डोंगरी भागातल्या बायकांबरोबर काम करताना ओव्या गोळा करायला सुरुवात केली. गरीब डोंगरी संघटनेच्या कार्यकर्त्या त्यात होत्या, म्हणजे टिपून घेणाऱ्याही पुष्कळदा त्याच खोऱ्यांतल्या. हे काम पुढे महाराष्ट्रभर पसरलं. हजाराहून जास्त गावं, १ लाखाहून जास्त ओव्या. संगणक आणि संगीत दोन्ही जाणणारे बर्नार्ड बेल यांनी १९९० च्या दशकात त्यांचा डेटाबेस बांधला आणि सुमारे १२० तासांचं ध्वनिमुद्रण त्याला जोडलं. पॉइत्वाँ २००४ मध्ये गेले, राईरकर २०१० मध्ये. २०१७ पासून 'पारी', म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया, या ओव्या आवाजासकट, गाणाऱ्या बाईच्या छायाचित्रासकट लोकांपुढे ठेवत आली आहे.

मला त्यातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती आकडा नव्हे. प्रत्येक ओवीपाशी गाणारीचं नाव आणि गाव आहे. साने गुरुजींनी 'स्त्री जीवन'च्या दोन भागांत ओव्यांचा केवढा ठेवा मराठी घरांत पोहोचवला, आणि तोही किती जिव्हाळ्याने. पण कोणती ओवी कोणाच्या तोंडून मिळाली हे तिथे ओवीपाशी लिहिलेलं नाही. त्या काळी तशी अपेक्षाही नव्हती. 'लोक' रचतात, 'लोक' गातात, असं मानलं जाई. डेटाबेसमध्ये नावाचा रकाना रिकामा सोडला तर तो रिकामा दिसतो, आणि कोणीतरी विचारतं की इथे नाव का नाही. कोरड्या समजल्या जाणाऱ्या तक्त्याने ओवीला कर्ती मिळवून दिली, हे मराठी साहित्याच्या इतिहासात नोंदवायला हवं.

८ डिसेंबर

पहिली बैठक. जातं कोपऱ्यात, त्यावर पोती. दळण गिरणीतून येतं त्याला इतकी वर्षं झाली की घरातल्या सुनेला जात्याला शेवटची टाकी कधी लावली ते आठवेना. आजींनी पोती उतरवायला लावली, जातं पुढे ओढून घेतलं, मूठभर तांदूळ मागितले. "नुसतं बसून कसं गं म्हणायचं ताई? हाताला खुंटा नको का?"

पहिली ओळ त्या दोनदा, कधी तीनदा म्हणतात. मध्ये 'गं बाई', 'सांगते बाई', मग ओळीचा अर्धा तुकडा पुन्हा, आणि मग दुसरी ओळ. छापील संग्रहात यातलं काहीच नसतं, दोन ओळी सरळ एकाखाली एक असतात. आज समोर बसून ऐकताना दिसलं की त्या फेऱ्यांत आजी पुढची ओवी शोधत असतात. डोळे मिटलेले, हात फिरतो आहे, ओठांवर आधीची ओळ आणि मनात पुढची. म्हणजे ती पुनरुक्ती हा रचनेचा वेळ आहे. ती काढून टाकली तर हातात तयार कविता राहते, आणि कविता तयार होत होती हे पुसलं जातं.

ठरवलं की लेखनाच्या दोन प्रती ठेवायच्या. एकीत गायलं तसं, फेऱ्यांसकट. दुसरीत ओवीच्या दोन ओळी.

तांत्रिक: जात्याची घरघर मोबाइलच्या ध्वनिमुद्रणात शब्दांवर चढते. पुढच्या वेळी पदराला लावायचा छोटा माइक, आणि जात्यासाठी दुसरा यंत्राजवळ. घरघर पुसायची नाही, वेगळ्या पट्टीवर ठेवायची.

१५ डिसेंबर

आवाजाचं आपोआप लेखन करणाऱ्या प्रणालीवर तासभराचा आवाज टाकून पाहिला. वेळ वाचतो, यात शंका नाही. पण ही यंत्रं ज्या मराठीवर शिकलेली आहेत ती बातम्यांची आणि पुस्तकांची मराठी. 'पानी'चं 'पाणी' होतं, 'म्हनू'चं 'म्हणू' होतं. तेवढं दुरुस्त करता येतं. त्याहून गंभीर गोष्ट अशी की तीच ओळ पुन्हा आली की प्रणाली ती गाळते, जणू ऐकण्यात चूक झाली. म्हणजे रचनेचा वेळ यंत्रही काढून टाकतं.

लेखन हातानेच करायचं. 'एलान' नावाचं सॉफ्टवेअर भाषाशास्त्रज्ञ वापरतात, त्यात आवाजाच्या पट्टीखाली हव्या तेवढ्या ओळी लावता येतात आणि प्रत्येक शब्दाला वेळ चिकटते. शिकायला वेळ लागेल. चालेल.

५ जानेवारी २०२५

विषयाचा रकाना भरताना आज दुपार गेली. राईरकर-पॉइत्वाँ यांची वर्गवारी प्रचंड तपशिलाची आहे. अक्षर, रोमन आकडा, अंक, पुन्हा अक्षर अशी ती खोल उतरत जाते. सीता, पंढरी, आई-लेक, बहीण-भाऊ, सासुरवास, आंबेडकर, शेत, पाऊस. एखाद्या विषयावर शेकडो बायका काय म्हणतात ते एकत्र पाहायचं तर असा सांगाडा लागतोच, आणि त्यातून जे दिसतं ते दुसऱ्या कशातून दिसत नाही.

आमच्या हातात मात्र थोड्या बायका आहेत आणि प्रत्येकीच्या सलग बैठका. पहिल्या आजींची बैठक मी सुरुवातीपासून ऐकली. जात्याला नमन, मग गणपती, मग विठ्ठल, पंढरीची वाट, वाटेवर आई भेटते, आई म्हाताऱ्या झालेल्या हातांनी वाढते, आईच्या हातावरून जात्याच्या खुंट्यावर, खुंट्यावरून हाताच्या घट्ट्यांवर, तिथून सासू. विठ्ठलापासून सासूपर्यंत त्या कशा पोहोचल्या ते पाहताना मी थक्क झाले. 'हात' या एका धाग्यावर चार ओव्या ओवलेल्या होत्या. विषयवार लावलं की या चार ओव्या चार वेगळ्या कप्प्यांत जातात आणि तो धागा कुठेच उरत नाही.

मानवशास्त्राने विषयासाठी ओव्या वेगळ्या केल्या, साहित्याने उत्तम त्या निवडण्यासाठी. दोघांनीही कात्री एकाच जागी चालवली, दोन ओव्यांच्या मध्ये. आणि गाणारीची करामत नेमकी तिथेच आहे, एका ओवीतून दुसरीत जाण्यात. ओवी पुष्कळदा वारशाने आलेली असते, आईकडून, जावेकडून, शेजारणीकडून. पण आज, या बैठकीत, या ओवीनंतर ही, हे तिचं स्वतःचं.

तक्त्यात दोन नवे रकाने: बैठक आणि क्रम. तक्ता कोणत्याही वेळी मूळ क्रमाने पुन्हा लावता आला पाहिजे. कागदी वहीत यासाठी सगळं दुसऱ्यांदा लिहावं लागलं असतं. इथे एक कळ दाबली की झालं.

१४ जानेवारी

संक्रांत. काम नाही. एका मावशींनी वाण देताना दारातच दोन ओव्या म्हटल्या. यंत्र पिशवीत होतं, काढलं नाही.

२ फेब्रुवारी

आमचा तांत्रिक बाजू सांभाळणारा मित्र 'दुहेरी नोंदी' काढून टाकणारी आज्ञावली घेऊन आला. ऐंशी टक्क्यांहून जास्त शब्द जुळले की एक ठेवायची, दुसरी उडवायची. साठा स्वच्छ करण्याची रूढ पद्धत आहे, आणि त्याने ती मनापासून आमच्या सोयीसाठी लिहिली होती.

त्याला मी ही प्रसिद्ध ओवी दाखवली, थोड्याफार फरकाने ती महाराष्ट्रात ठिकठिकाणी ऐकू येते:

अस्तुरी जल्म नको घालू सख्या हरी
रात ना दिस परायाची ताबेदारी

आमच्या तक्त्यात ती तीन बायकांकडून आली आहे. एकीने ती मुलीच्या जन्माच्या ओव्यांमागून म्हटली. दुसरीने मुलीला सासरी धाडण्याच्या ओव्यांनंतर. तिसरीने सीतेच्या वनवासानंतर, आणि तिथे 'सख्या हरी' म्हणताना सीता बोलते आहे की गाणारी, हे ऐकणाऱ्यालाही सांगता येत नाही. शब्द सारखे, पण तीन बायकांनी तीन ठिकाणी उभं राहून केलेली ही तीन विधानं आहेत. मित्राने ऐकलं, क्रमाने तिन्ही बैठका स्वतः ऐकल्या आणि आज्ञावली बदलली. आता ती काही उडवत नाही. जुळणाऱ्या ओव्या एकमेकींना जोडून दाखवते, म्हणजे एकीवरून दुसरीकडे जाता येतं. प्रकल्पातलं हे साधन मला सगळ्यांत उपयोगी वाटू लागलं आहे.

१६ फेब्रुवारी

आज जे घडलं त्यावर नीट लिहिलं पाहिजे.

एक आक्का आहेत, सत्तरीच्या. आवाज खणखणीत, स्मरण अफाट. त्यांच्या बैठकीत भावाच्या ओव्या इतक्या की मी त्यांचा वेगळा गट केला. भाऊ न्यायला येतो, लांबून बैलांच्या घुंगरमाळा ऐकू येतात, भाऊ दारात उतरतो, बहीण पाण्याचा तांब्या घेऊन धावते. भाऊ चोळी घेतो, वहिनी खण मोजून पाहते. भाऊ शेताच्या बांधावर उभा आहे आणि बहिणीला तो दुरूनच चालीवरून ओळखू येतो.

मग कुटुंबाची माहिती भरायला बसलो. हा आमच्या कामाचा दुसरा भाग, प्रत्येक गाणारीची वंशावळ. आईवडील, भावंडं, कोण कुठे दिलं, कोणाची जमीन कोणाकडे. आक्कांनी बहिणी सांगितल्या. भावांच्या रांगेत मी पेन धरून थांबले. त्या म्हणाल्या, "भाऊ न्हाई. आमी बहिनीच."

मी विचारलं, मग आक्का, या ओव्या?

"वव्या भावाच्याच असत्यात की. भाऊ न्हाई म्हनून का वव्या सोडायच्या?"

वंशावळीत भावाच्या जागी काही नाही. ओव्यांत भाऊ गाडी जुंपून वर्षानुवर्षं येतो आहे, त्याला चाल आहे, बायको आहे, स्वभाव आहे. दोन्ही नोंदी एकाच बाईच्या, एकाच दुपारच्या. तक्त्याला यांपैकी एक खोटी वाटेल. मला दोन्ही खऱ्या वाटतात, आणि त्या एकमेकींना दुरुस्त करायला जाऊ नयेत असं वाटतं.

ओवीतली 'मी' समाजशास्त्राचा अभ्यासक साक्षीसारखी वाचतो: बाई सांगते आहे म्हणजे तिच्याबाबतीत असं घडलं. साहित्याचा वाचक तिला निवेदिका समजतो: बाई रचते आहे, घडलं की नाही हा प्रश्न अस्थानी. आक्कांच्या ओव्यांना दोन्ही वाचनं अपुरी पडतात. भाऊ कल्पिलेला आहे, हे साहित्य. पण भाऊ नसलेल्या बाईला माहेरून न्यायला कोणी येत नाही, दिवाळीला दार वाजत नाही, आणि त्या रिकाम्या जागेभोवती तिने आयुष्यभर गायलं, ही या खोऱ्यातल्या नातेव्यवस्थेबद्दलची पक्की माहिती आहे. ती वंशावळीतून एकट्याने मिळाली नसती, आणि ओवीतूनही नाही.

२३ फेब्रुवारी

इरावती कर्व्यांची आठवण येणं साहजिक होतं. डेक्कन कॉलेजमध्ये त्यांनी डोकी मोजली, कुळं-गोत्रं लावली, नातेशब्द जमवले, आणि नातेसंबंधांच्या अभ्यासात महाकाव्यं, म्हणी, लोकगीतं पुरावा म्हणून निःसंकोच घेतली. त्याच लेखणीने महाभारतातली माणसं नातेव्यवस्थेत अडकलेली माणसं म्हणून वाचली. 'युगान्त'ला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मानवशास्त्रज्ञ बाईंच्या पुस्तकाला साहित्याचा पुरस्कार! मराठीत ही सरहद्द कधी फार उंच नव्हतीच. आज डेटाच्या काळात ती पुसट झाली असं म्हणतात तेव्हा मला वाटतं, आपल्याकडे ती तशीच होती, आता फक्त सगळ्यांना दिसू लागली आहे.

'खरं / रचलेलं' असा रकाना सुचवला गेला होता. करणार नाही. त्याऐवजी वंशावळ आणि बैठक या दोन फायली एकमेकींना जोडायच्या, आणि विसंगती दिसली तर तिथे खूण करायची, निवाडा नाही.

१६ मार्च

बहिणाबाई चौधरींचा विचार दोन दिवस डोक्यात आहे. जळगावजवळच्या आसोद्याच्या. १८८० चा जन्म, १९५१ ला मृत्यू. अक्षरओळख नाही. शेतात आणि घरोट्यावर, म्हणजे जात्यावर, सुचलेलं त्या म्हणत, मुलगा सोपानदेव आणि घरातली मंडळी टिपून ठेवत. सोपानदेव स्वतः कवी. त्यांनी ते आचार्य अत्र्यांना दाखवलं, १९५२ मध्ये पुस्तक झालं. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, आधी 'कवयित्री' लावून.

बहिणाबाईंची प्रतिभा असामान्य होती, यात वादच नाही. पण असामान्य आहे हे कळायलाही आधी एका बाईचं सगळं एका ठिकाणी असावं लागतं. एकीची ओवी इथे, दुसरी तिथे, विषयवार विखुरलेली असेल तर तिची प्रतिभा कोणाला दिसणार? घरात लिहिता मुलगा असणं हा बहिणाबाईंच्या वाट्याला आलेला योग. आक्कांच्या घरी तसं कोणी नव्हतं. त्यांच्या बैठका नावाने, क्रमाने, सलग ठेवणं म्हणूनच मला एवढं महत्त्वाचं वाटतं. वाचणाऱ्याने ठरवावं की ही कवयित्री आहे का. ठरवण्यासाठी तिचं सगळं समोर तरी असलं पाहिजे.

६ एप्रिल

नावाचा प्रश्न दुसऱ्या बाजूनेही आला. एका मावशींच्या ओव्यांत नवऱ्याच्या दारूबद्दल आणि दिराच्या वागण्याबद्दल आहे. गाताना बाकीच्या बायका माना डोलावत होत्या, कोणाला नवल वाटलं नाही. ओवी म्हणून चालतं. जात्यावर बसून बाईने काय म्हणावं याला पिढ्यान्‌पिढ्या एक सूट आहे, आणि ऐकणाऱ्यांना ती ठाऊक असते. पण नाव, गाव आणि तारीख लावून ती ओवी फोनवर फिरली की ही सूट संपते. ओवी जबाब बनते. वाडीत एकाच आडनावाची घरं, दीर हयात.

मावशींना आवाज पुन्हा ऐकवला आणि सगळं समजावून सांगितलं. त्यांनी बराच विचार केला. काही ओव्या नावासकट ठेवा म्हणाल्या, काही नुसत्या वाडीच्या नावाने, दोन अजिबात बाहेर नकोत. त्यांनी स्वतः केलेली ही निवड मला कुठल्याही संपादकाच्या निवडीहून मोलाची वाटली. परवानगीचा रकाना आता बाईपाशी नसून प्रत्येक ओवीपाशी आहे. काम तिपटीने वाढलं, पण याला दुसरा मार्ग नाही.

११ मे

लग्नघर. हळद दळायला जातं निघालं, सुपारी बांधली, पाच सवाशिणींचे हात लागले. इथे कोणी आमच्यासाठी गात नव्हतं, त्यामुळे बैठकीची घडणच वेगळी. एकीची ओळ दुसरी उचलते, तिसरी पुरी करते. आमच्या तक्त्याला एका ओवीमागे एक गाणारी हवी असते. इथे एका ओवीला तिघी. रकान्यात तिन्ही नावं, कोणता भाग कोणाचा ते वेळेसह.

चालुक्य राजा सोमेश्वराच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास'मध्ये महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे. प्रसंग टिपला आहे, ओवी एकही नाही. पुढच्या छापील संग्रहांत ओव्या हजारोंनी, प्रसंग नाही. या दोहोंना एकत्र ठेवणं आज आपल्याला परवडतं, मग न ठेवण्याला सबब उरत नाही.

१ जून

पाऊस लवकर आला. शेतीची कामं सुरू व्हायच्या आत वाडीवर सगळ्यांना ऐकवायचं होतं, ते मंदिराच्या मंडपात झालं. मी बैठकीचं वर्णनही वाचून दाखवलं, पहिल्या आजींचं, जातं पुढे ओढण्यापासून. अहवालासाठी लिहिलेला तो मजकूर. कुठला शब्द आधी, कुठे वाक्य तोडायचं, आजींची मूठ कधी दाखवायची, हे सगळं मी कथा लिहिणारी निवडते तसंच निवडलेलं आहे, हे वाचताना मलाच स्पष्ट ऐकू आलं. आजी मात्र एका जागी थांबवून म्हणाल्या, "तांदूळ न्हवं, नाचणी व्हती." ध्वनिमुद्रणात त्यांनी तांदूळच मागितले आहेत, दिलेही तांदूळच. पण घरी त्या जात्यावर आयुष्यभर नाचणी दळली. दोन्ही लिहिलं. मजकुरात तांदूळ, आणि खाली आजींचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत, त्यांच्या नावाने.

१५ जून

साठा बाहेर कसा द्यायचा यावर बैठक. भाषेची यंत्रं शिकवण्यासाठी मराठी मजकूर हवा आहे, ओव्यांना मागणी आहे. देण्याला माझा विरोध नाही. यंत्रांना बातम्यांपलीकडची मराठी कळावी, 'पानी' म्हणणाऱ्या बाईचं बोलणं त्यांनी जसंच्या तसं लिहावं, हे मला हवंच आहे. पण नुसत्या ओव्यांची यादी द्यायची नाही. नाव, बैठक, क्रम, फेऱ्यांसकट लेखन आणि परवानगी हे ओवीबरोबरच जातील, एकाच फायलीत, वेगळे करता येणार नाहीत अशा रचनेत. घेणाऱ्याने पुढे ते तोडलं तर आपल्या हातात काही नाही. आपल्याकडून तुटलेलं जाणार नाही.

आक्कांनी आज निरोप धाडला: नावापुढे सासरचं आडनाव आहे ते राहू दे, पण कंसात माहेरचं गावही घाला, ओव्या तिथल्या आहेत. रकाना वाढवला. बाकीच्यांनाही विचारायचं आहे. लावणी संपली की, ऑगस्टमध्ये.